नऊ नंबरचा फॉर्म

मंगळवार, भाद्रपद वद्य द्वादशी, १९९३. जागा : बनारसचा बालाजी घाट, वरच्या पायऱ्या. खालच्या पायऱ्यांवरचा पुराचा गाळ अजून पंपानं धुणं चालू होतं.

हजर : रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका, संस्कृत पाठशाळेत शिकवणारे आणि क्लबच्या कमिटीवर असलेले मास्तर, चौकातला लस्सीवाला, जो मराठी नव्हता पण सामन्यात आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात ओरडायचा, आणि मी. मी तेव्हा बँकेत कारकून होते. क्लबच्या समर्थकांची चिटणीस म्हणून मला कुणी निवडलं नव्हतं, पण कागद नीट ठेवणारी दुसरी व्यक्ती नव्हती.

गैरहजर : क्लबचे अध्यक्ष गुरुजी. ते भोसले घाटावर सांगलीहून आलेल्या यजमानांचं श्राद्ध चालवत होते.

विषय एकच होता. आमच्या नऊ नंबरच्या फॉर्मवर अध्यक्षांची सही व्हायची होती आणि अध्यक्ष पितृपक्षात सही करायला तयार नव्हते. शुक्रवारी, सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी पाच वाजता जिल्ह्याची नोंदणी बंद होणार होती. घटस्थापना शनिवारी. एका दिवसानं आमचा घात होत होता.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिल्हा लीगमध्ये प्रत्येक खेळाडूनं दरवर्षी नव्यानं फॉर्म भरायचा, जुन्याच क्लबात राहायचं असलं तरीही. फॉर्मवर खेळाडूची सही, क्लबच्या अध्यक्षांची सही आणि शिक्का. लीगच्या सिगऱ्यातल्या कार्यालयात ज्या क्लबाचा फॉर्म आधी पोचला, खेळाडू त्या क्लबाचा. त्यामुळे नोंदणीचे दिवस आले की बनारसचे बाकीचे सगळे क्लब बाजाराला निघाल्यासारखे हिंडत. आमचा क्लब पंचांग उघडून बसे.

त्या वर्षी पंचांग आमच्यावर उलटलंच होतं. नोंदणी खुली झाली ती अधिक भाद्रपदात. गुरुजी म्हणाले, अधिकात नको. अधिक संपला, गणपती बसले. गणपतीत बाकी सगळ्यांच्या सह्या आम्ही आरतीनंतर मांडवातच करून घेतल्या. नऊ नंबर तेवढा नव्हता. मदनपुऱ्यात, विणकरांच्या मोहल्ल्यात, त्याच्या घरी माग होते. तयार साड्या घेऊन तो वडिलांबरोबर बंगलोरला गेला होता. तो परत आला त्या दिवशी आमच्याकडे प्रतिपदेचं श्राद्ध चालू होतं.

पोरगा अंगानं किरकोळ होता. बूट दोन मोजे घालून भरायचा. पण गोलासमोर चेंडू आला की बेनियाच्या मैदानावर सगळा आवाज थांबायचा. पहिल्या गटात आम्ही टिकून होतो ते त्याच्यामुळे. तो गेला तर खालच्या गटात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता, आणि आमच्या गल्लीत तर दर तिसऱ्या घरात ज्योतिषी होता.

आधीची दोन वर्षंही अशीच गेली होती. गोलकीपर पोलिसांच्या टीमनं नेला, शिपायाची नोकरी देऊन. हाफबॅकचे दोघे भाऊ रेल्वे कारखान्यात गेले. त्यांना आम्ही दोष दिला नाही, नोकरी कुणाला नको? पण उजवा बॅक गेला तो नुसत्या नव्या बुटांसाठी आणि सरावानंतरच्या दूध-अंड्यांसाठी. अंडी आम्ही देऊ शकत नव्हतो. दूध देऊ शकत होतो. तेही कमिटीत मंजूर व्हायचं राहून गेलं.

आणि त्यांच्या बदल्यात आणलं कुणाला? दुसरे क्लब खेळाडू मैदानावर शोधत. आमची कमिटी यजमानांच्या शिफारशीवर खेळाडू घेत असे. मिरजेचे एक यजमान पिंडदानाला आले आणि बोलता बोलता म्हणाले, आमचा पुतण्या फुटबॉल फार छान खेळतो. पुतण्या आला. एका पुरोहितांच्या घरी राहिला, जेवला, सगळी मंदिरं पाहिली, सरावाला दोनदा आला आणि पोट बिघडलं म्हणून परत गेला. दुसरा एक उंच आहे म्हणून घेतला. चेंडू हवेत आला की तो मान खाली घालायचा. तिसऱ्याकडे राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र होतं. ते खरंही होतं, फक्त त्याचा कागद पिवळा पडला होता आणि खेळाडूचे केस पांढरे.

तेव्हा त्या दुपारी घाटावर कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

“गुरुजींना विचारा,” गार्डकाका म्हणाले, “आपले पितर वरून बघत असतील, तर त्यांना काय शून्य-चार बघायचंय? माझे वडील या क्लबासाठी पावसात उभे राहायचे. त्यांना तीळ नकोत, गोल हवेत!”

“काका, हळू,” मास्तर म्हणाले. “खाली लोक तर्पण करतायत.”

“ऐकू दे की! त्यांचाही क्लब आहे!”

लस्सीवाला माझ्याकडे वळला. “दीदी, सीधी बात बताइए। स्टेसन वाले क्लब का ठेकेदार रोज मदनपुरा जा रहा है। गोदाम में पक्की नौकरी बोल रहा है। और आपके गुरुजी? पूरा पखवाड़ा आफसाइड बैठे हैं!”

मास्तरांना हसू आलं आणि ते त्यांनी उपरण्यात लपवलं. नऊ नंबर मला रविवारी भेटून गेला होता. “दीदी, हमको इधर ही खेलना है। बस जल्दी करवा दीजिए, अब्बा रोज पूछ रहे हैं,” एवढंच म्हणाला होता. त्याच्या घरी गोदामाच्या नोकरीला नाही म्हणत राहणं किती अवघड असेल, हे मला कळत होतं. माझ्या घरी मीच एकटी पगार आणत होते.

ठरलं की मी जायचं. गुरुजी माझ्या वडिलांचे मित्र. दोघं एका वेळी खेळलेले, गुरुजी डाव्या बाजूला, अनवाणी, शेंडीला गाठ मारून. वडील गेल्यावरही रविवारी मैदानावर जायची माझी सवय सुटली नाही. बँकेत हळू बोलायचं, घरी आईसाठी हळू बोलायचं. मैदानावर मी ओरडत असे आणि कुणी वळून पाहत नसे.

संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी पोचले तेव्हा यजमानांकडची मंडळी अजून जेवत होती. दारात पाऊल टाकते तोच आतून सूनबाईंचा आवाज आला, “तिथंच थांबा हं! सोवळ्यात आहे मी. शिवू नका कशाला.” मी अंगणात थांबले. थोड्या वेळानं त्यांनीच पाट टाकला आणि वाटीत खीर आणून दिली, वरून, हात न लागता. गुरुजी हात पुसत बाहेर आले.

“फॉर्म घेऊन आली असशील.”

“हो.”

“मग खीर खा आणि जा.”

“गुरुजी, शुक्रवारी पाच वाजता सगळं संपतंय.”

“अगं, मी यजमानांना काय सांगतो? या पंधरवड्यात नवं काही करू नका. घर घेऊ नका, सोयरीक जमवू नका. दूरदूरहून माणसं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून येतात. आणि मीच संध्याकाळी घरी बसून नव्या कागदावर सही करू? त्यांच्या तोंडाकडे बघता येईल का मला?”

हे खोटं नव्हतं. गुरुजी दुसऱ्याला एक सांगून आपण दुसरं करणारे नव्हते. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं कठीण होतं.

“पण यात नवं काय आहे?” मी म्हटलं. “चार वर्षं तो आपलाच आहे. दरवर्षी फॉर्म भरतो. तुमच्या वडिलांचं श्राद्ध तुम्ही दरवर्षी करता, म्हणून ते दरवर्षी नवं होतं का?”

गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले.

“बापावर गेलीस. तोही असाच पायात पाय घालायचा.” आणि मग म्हणाले, “दादांना विचारावं लागेल.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू, धर्मशास्त्राचे पंडित. संकठा घाटाजवळ राहायचे. फुटबॉल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. बुधवारी सकाळी बँकेत जाण्याआधी मी गुरुजींबरोबर त्यांच्याकडे गेले. दादा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

“हा मनुष्य करतो काय?” त्यांनी विचारलं.

“गोल करतो,” गुरुजी म्हणाले.

“कुणासाठी?”

“आपल्यासाठी.”

“सही झाली नाही तर?”

“दुसऱ्यांसाठी करेल,” मी मध्येच म्हणाले. “आपल्याविरुद्ध.”

दादांनी डोळे उघडले. “मग हा नवा आरंभ नव्हे. चालू कर्म खंडित होऊ न देणं आहे. कर सही. श्राद्धाची वेळ टळल्यावर कर, सोवळं सोडून कर. आणि मला पुन्हा या असल्या गोष्टी विचारायला येऊ नकोस.”

त्या गल्लीतून मी पळतच बाहेर पडले. गुरुजी मागून म्हणाले, “मुलाची सही घेऊन त्यालाच पाठव. उद्या दुपारनंतर मी घरी आहे.” बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत मोपेडवरून मदनपुऱ्याला गेले, फॉर्म नऊ नंबरच्या हातात दिला, कुठं सही करायची ते पेन्सिलीनं खूण करून दाखवलं. “उद्या दुपारनंतर गुरुजींकडे जा. मग तिथूनच सिगऱ्याला.” तो म्हणाला, “बस, हो गया दीदी।” लस्सीवाल्याला सांगितलं, त्यानं दुकानातच शिट्टी वाजवली. गार्डकाकांनी मला पेढा दिला.

गुरुवारी बँकेत फार गर्दी होती. संध्याकाळी कुणी काही निरोप आणला नाही. काम झालं असेल तर निरोप कशाला येईल, असं मी धरलं.

शुक्रवारी दुपारी लस्सीवाला बँकेच्या दारात उभा. तो कधी बँकेत यायचा नाही.

“दीदी, ठेकेदार का आदमी सबेरे से सिगरा में बैठा है। और लड़का उसके साथ है।”

मी मॅनेजरना सांगून निघाले. गुरुजींच्या घरी सर्वपित्रीचा स्वयंपाक, अंगणात पानं मांडलेली, गुरुजी सोवळ्यात, हातात दर्भ.

“मुलगा आला होता का काल?”

“नाही ना! मी तीनपासून वाट पाहत होतो. मला वाटलं तुमचाच बेत बदलला.”

मी सूनबाईंकडे पाहिलं. त्या जरा गोंधळल्या. “काल सकाळी स्वयंपाकाच्या वेळी कुणीतरी आलं होतं. मी म्हटलं थांबा, शिवू नका, काय असेल ते तिथं खाली ठेवा. मग माझं तळण चालू होतं. नंतर पाहिलं तर कुणी नव्हतं.”

ओसरीच्या कट्ट्यावर फॉर्म होता. कुणा यजमानाचा कागद असेल असं समजून, वाऱ्यानं उडू नये म्हणून सूनबाईंनी त्यावर तांब्या ठेवला होता आणि त्या विसरल्या होत्या. कागदावर तांब्याचा ओला गोल उमटला होता. त्याच्या शेजारी, मी दाखवलेल्या जागी, नऊ नंबरची सही होती. तो दुपारनंतर यायच्या ऐवजी सकाळीच आला होता, कारण त्याला घाई होती. तेवढंच.

पुढं जे झालं ते मी आजही बघितल्यासारखं सांगू शकते. गुरुजींनी दर्भ बाजूला ठेवला. सोवळ्यातच कट्ट्याशी आले, तांब्या उचलला, माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि सही केली. ब्राह्मण पानावर बसलेले, घास तसाच हातात धरून पाहत होते. सूनबाई “मामंजी!” एवढंच म्हणाल्या.

“मी पुन्हा आंघोळ करीन,” गुरुजी म्हणाले. “शिक्का कोनाड्यात आहे, तू मार. जा, पळ!”

अमावास्येची गर्दी गोदौलियापर्यंत तुंबली होती. लोक पितरांना निरोप द्यायला घाटाकडे येत होते आणि मी एकटी उलट दिशेनं. रिक्षा, सायकली, हातगाड्या, डोक्यावर परडी घेतलेल्या बायका. मी मोपेड बंद करून ढकलत नेली. एका ठिकाणी चालू ठेवून ढकलली, ती उसळली आणि एका बाईच्या परडीतली फुलं सांडली. मी माफी मागायला थांबले नाही. लक्सावरून रस्ता मोकळा झाला. सिगऱ्याला पोचले तेव्हा पाच वाजायचे होते.

नोंदणी घेणाऱ्या बाबूंनी फॉर्म हातात घेतला, ओल्या डागाकडे पाहिलं आणि परत माझ्यापुढे सरकवला.

“ये तो हो चुका है बहनजी। सुबह ही जमा हो गया, दूसरे क्लब से।”

“पर पाच बजे तक समय है ना?”

“समय है। खिलाड़ी नहीं है।”

मी त्यांना दुसऱ्या क्लबाचा फॉर्म दाखवायला लावला. सही तीच होती, फक्त घाईत केलेली नव्हती.

नऊ नंबर बाहेर चहाच्या टपरीशी उभा होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि तो काढावा की ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. ठेकेदाराची माणसं जरा लांब सिगरेट ओढत होती. मी काही बोलायच्या आधी तोच बोलला.

“दीदी, हम गए थे।”

“मालूम है। पर दोपहर के बाद बोला था ना?”

“सबेरे खाली थे तो सबेरे चले गए। आवाज़ दी। भीतर से बोलीं, वहीं रुको, छूना मत, नीचे रख दो। हमने नीचे रख दिया। बहुत देर खड़े रहे। किसी ने उठाया नहीं।”

“अरे, श्राद्ध था! सोवळं... मतलब, उस समय सबको बोलते हैं। हमको भी बोला था, मंगल को। वहीं रुको, छुओ मत।”

तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. गोल चुकल्यावर तो असा पाहायचा, चूक कुणाची हे ठरवत असल्यासारखा.

“आपको भी बोला था?”

“हाँ!”

“फिर आपको बैठाया?”

पाट आणि खीर दोन्ही मला आठवत होती. सूनबाईंना तो कोण हे ठाऊक नव्हतं, त्या फक्त पाठमोऱ्या तळत होत्या, हे मी सांगायला हवं होतं, पण त्यांनी बघितलं होतं की नव्हतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

“चार साल से खेल रहे हैं,” तो म्हणाला. “गुरुजी मैदान पर गले लगाते हैं। हम सोचे, घर की बात अलग होगी। अब्बा बोले, जहाँ कागज़ हाथ में ले लें, वहाँ दे आ।”

ठेकेदाराच्या माणसानं हाक मारली. तो निघाला, परत आला, आणि म्हणाला, “ये फारम फाड़ दीजिएगा दीदी, नहीं तो बाद में झंझट होगा।”

परत येताना मी लस्सीच्या दुकानाशी थांबले. गार्डकाका, मास्तर, लस्सीवाला, तिघं उभेच होते. मला पाहून लस्सीवाल्यानं हातातला पेला खाली ठेवला. मी घडलं ते सांगितलं. गार्डकाका शिव्या देतील असं वाटलं होतं. ते बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ठेकेदाराला नावं ठेवायला बरं असतं,” ते म्हणाले. “आता कुणाला ठेवू?”

“खेल खतम, काका,” लस्सीवाला म्हणाला. “इस साल नहीं। पूरा खतम।”

गुरुजींकडे गेले तेव्हा त्यांची दुसरी आंघोळ झाली होती. ओलं धोतर वाळत होतं. मी सगळं सांगितलं, नऊ नंबरनं विचारलेला प्रश्नसुद्धा. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्या रडायला लागल्या. “मी खरंच पाहिलं नव्हतं हो. कुणीही असतं तरी मी तसंच म्हटलं असतं.”

“ते मला माहीत आहे,” गुरुजी म्हणाले. “त्याला कसं कळणार?” मग म्हणाले, “त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं. त्याच्या वडिलांना. निरोप पाठवून नाही. मी जाईन, तू बरोबर चल. फॉर्मसाठी नाही. तो गेला तो गेला.”

दुसऱ्या दिवशी घट बसले. गुरुजींचं नऊ दिवस घरातच अनुष्ठान. मग दसरा, मग दिवाळी, मग लीग सुरू झाली. त्या मोसमात आम्ही खालच्या गटात गेलो. नऊ नंबरनं आमच्याविरुद्ध दोन गोल मारले आणि आमच्या बाजूला कुणी शिवी दिली नाही. तो सामना संपल्यावर गुरुजी त्याच्याकडे जायला उठले होते, पण त्याला त्याच्या लोकांनी उचलून नेलं. “पुढच्या रविवारी जाऊ,” ते मला म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. दोन वर्षांत क्लब बंद झाला. त्यानंतर गुरुजीही गेले.

नऊ नंबर आता मदनपुऱ्यातच असतो. गोदामाची नोकरी फार टिकली नाही असं ऐकलं. घरचे माग विजेवर चालतात, त्यामुळे दारातून हाक मारली तर आत ऐकू जाणार नाही, आत जावं लागेल. शुक्रवार नको, नमाजाचा दिवस. वीज दुपारी जाते, तेव्हा माग बंद असतात, ती वेळ बरी. सूनबाई आता सासू झाल्या आहेत. त्या म्हणतात, मीही येते. त्यांना बरोबर न्यायचं की आधी मी एकटीनं जाऊन यायचं, हे ठरायचं आहे. जायचं राहिलंच आहे.